गमसुद्धा तुम्ही तंबाखूसारखाच खाल्लात

पत्र थोडक्यात: वय ४३. भोसरी एमआयडीसीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचे ऑपरेटर, तिन्ही शिफ्ट फिरत्या. विसाव्या वर्षापासून तंबाखू-चुना, दिवसाला दहा-बारा वेळा, नाईटला त्याहून जास्त. सकाळचा पहिला बार (ओठाखाली धरायची चिमूट) तोंड धुण्याआधी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. दंतवैद्य म्हणाले, तूर्त घाबरू नका, पण तंबाखू बंद करा आणि पुन्हा दाखवा. कंपनीच्या ओएचसीतल्या (आवारातल्या दवाखान्यातल्या) सिस्टरांनी निकोटीन गमचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम सुचवलाय, दर आठवड्याला भेट. गेल्या गणपतीत या गृहस्थांनी मेडिकलमधून २ मिलिग्रॅमचा गम आणला होता. रोज तीन गम, तेही चहाच्या सुट्टीत, दोन-तीन मिनिटं चावून फेकून द्यायचे. उचक्या लागल्या, छातीत जळजळ झाली, पाचव्या दिवशी पुन्हा पुडी. बायकोला मात्र ‘सोडली’ असंच सांगून ठेवलंय. आता ते विचारतात: गम म्हणजे एक व्यसन काढून दुसरं लावणं नाही का? भाचीच्या वयाच्या सिस्टरपुढे दर आठवड्याला काय हजेरी लावायची? सगळ्या शॉपला कळेल. त्यापेक्षा येत्या गणपतीत एका झटक्यात सोडलेली काय वाईट? शेवटी लिहितात, ‘जिद्द कमी पडते, दुसरं काही नाही.’

नमस्कार.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटातून आलेत. त्या पाच दिवसांत काय झालं ते तुम्हीच बारकाईने लिहिलंय आणि त्यात जिद्दीचा संबंध मला तरी कुठे दिसत नाही. डोस कमी होता, घेण्याची पद्धत चुकली आणि वेळही नेमकी नको ती निवडली. पंप बंद असताना टूल जळलं तर तुम्ही ऑपरेटरची जिद्द काढत नाही, आधी कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारं पाणी, येतंय का ते बघता.

तळहातावर तंबाखू मळताना चुना का लावतात? चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटीन मोकळं होतं आणि ओठाच्या आतल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात शिरतं. चुना कमी पडला की बार लागत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. गममध्येही तीच युक्ती आहे, फक्त चुन्याच्या जागी सोड्याच्या जातीचा क्षार असतो. तोंडात कॉफी, लिंबू सरबत किंवा कोल्ड्रिंकची आंबटाई असली की तो क्षार मारला जातो. मग निकोटीन तोंडात शोषलं जात नाही, लाळेबरोबर पोटात उतरतं. तिथून ते आधी यकृतात जातं आणि त्यातलं बरंचसं तिथेच निकामी होतं. भराभर चावल्यानेही हेच होतं: एकदम सुटलेलं निकोटीन गिळलं जातं. तलफ जागची हलत नाही आणि वर उचकी, मळमळ, जळजळ पदरात पडते. तुमच्या पाच दिवसांचा हा सगळा हिशेब आहे. दुधाचा चहा कॉफीइतका आंबट नसतो, पण बारीक फरक करत बसू नका. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काहीही नको. चहाची सुट्टी दहा मिनिटांची असेल तर चहा प्या, गम पाऊण तासापूर्वीच होऊन गेलेला असू द्या.

गम चावायचा नसतो, मुरवायचा असतो. हाताचं कूलंट आधी साबणाने धुवा. गम तोंडात टाकून सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. जिभेवर मिरीसारखी झणझण आली की लगेच थांबा आणि गम गाल व हिरडी यांच्या मध्ये दडवून ठेवा. मिनिटभराने झणझण उतरते. मग पुन्हा थोडा चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असं साधारण अर्धा तास, चावल्यावर झणझण येईनाशी होईपर्यंत. लाळ घटाघटा गिळू नका. एक काळजी खास तुमच्यासाठी: इतकी वर्षं जिथे बार धरला, ती खालच्या ओठाची डावी बाजू गमसाठी वापरू नका. चट्टा तिथेच आहे. त्याला आता काहीही न लागता राहू दे, म्हणजे पुढच्या तपासणीत दंतवैद्यांना खरा फरक कळेल.

आता डोस. दिवसाला किती बार, यापेक्षा सकाळचा पहिला बार कधी, हे जास्त बोलकं असतं. झोपेत निकोटीन उतरलेलं असतं. जाग आल्यापासून अर्ध्या तासात ज्याला ते लागतंच, त्याच्यासाठी ४ मिलिग्रॅमचा गम. बाकीच्यांना २ चा पुरतो. तुमचा पहिला बार तोंड धुण्याआधी, म्हणजे तुम्ही ४ वाले. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो तो २ चा. ४ च्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. म्हणजे गेल्या खेपेला तुम्ही मुळात कमी ताकदीचा गम घेतलात, तोही दिवसाला तीन. नीट मुरवला तरी गममधलं साधारण निम्मंच निकोटीन रक्तात पोचतं. तीन गमांचे तीन मिलिग्रॅम धरा, आणि तुमच्या पद्धतीने चावल्यावर तेही नाही. दहा-बारा बारांची सवय असलेल्या शरीराला ही उपासमारच होती.

पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम, दिवसाला निदान नऊ. सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन-चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात दर चार-आठ तासांनी. चोवीस तासांत २४ ही वरची हद्द, तिथपर्यंत जायची वेळ बहुधा येणार नाही. गम घड्याळाकडे बघून घ्यायचा, तलफेकडे बघून नाही. बारासारखा तो झटक्यात चढत नाही, रक्तात नीट पोचायला वीस-तीस मिनिटं घेतो. तलफ डोक्यात गेल्यावर तोंडात टाकलेला गम नेहमीच उशिरा पोचतो आणि माणूस म्हणतो, ‘गमने काही होत नाही.’

खर्चाचं स्पष्ट बोलू, कारण जाहिराती बोलत नाहीत. सिगारेट ओढणाऱ्याला गम परवडतो, चघळणाऱ्याला तो पुडीपेक्षा महाग पडतो. दिवसाला दहा म्हणजे आठवड्याला सत्तर, दहाच्या सात स्ट्रिप. पुढे ते निम्म्यावर आणि मग चौथाईवर येतं. बारा आठवड्यांचे मिळून सहाशेच्या आसपास. गम ओएचसीकडून मिळणार की फक्त चिठ्ठी, हे सिस्टरांना पहिल्याच भेटीत विचारा. ईएसआय (कामगार विमा) लागू असेल तर तिथल्या दवाखान्यातही चौकशी करा. पैसे संपले म्हणून तिसऱ्या आठवड्यात डोस निम्मा करणं, हे पुन्हा पुडीकडे जाण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

‘एक सोडून दुसरं व्यसन’ ही शंका रास्त आहे, तिला हसण्यासारखं काही नाही. तंबाखूला बांधून ठेवतं ते निकोटीनच. पण तोंडाचा कर्करोग होतो तो तंबाखूच्या पानातल्या नायट्रोसामाइनसारख्या द्रव्यांमुळे, आणि ती गममध्ये नसतात. शिवाय गमचं निकोटीन सावकाश चढतं, बारासारखा झटका देत नाही, म्हणून ते कमी करत नेणं जमतं. काही जण बारा आठवड्यांनंतरही दिवसाला दोन-तीन गम घेत राहतात. हे फार छान आहे असं नाही, पण ओठाखाली तंबाखू धरण्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. खरी अदलाबदल दुसरीकडे होते: तंबाखू सोडून सुपारी धरणं. ‘नुसतीच सुपारी आहे’ असं म्हणत टपरीवर उभे राहणारे पुष्कळ. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तोंड आखडतं ते तिच्यामुळेच. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, लवंग, भाजलेली जवस, काहीही चालेल, सुपारी सोडून.

आता सिस्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन त्यांच्याकडून घेताना वय आड आलं नव्हतं. यातही येऊ देऊ नका. डॉक्टर चिठ्ठी देतात, पण तिसऱ्या दिवशी ‘काल किती गम झाले?’ हे विचारायला त्यांना सवड नसते. सिस्टरांचं काम नेमकं तेच, आणि परिचारिकांच्या अशा पाठपुराव्याने सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, हे सिद्ध झालेलं आहे. पहिल्या भेटीत त्या बीपी आणि वजन घेतील, दिवसाचे बार मोजतील, छातीचा किंवा साखरेचा त्रास विचारतील. पुढच्या प्रत्येक भेटीला रिकाम्या स्ट्रिप बरोबर न्या. ‘घेतोय की वेळेवर’ असं तोंडाने सांगणं आणि टेबलावर आठवड्याच्या तीनच स्ट्रिप निघणं, यातला फरक सिस्टरांना लगेच कळतो. चिडचिड, कामात लक्ष न लागणं, सारखी तलफ: डोस कमी पडतोय. मळमळ, गरगरणं, घाम, धडधड: जास्त होतोय किंवा भराभर चावताय. फक्त उचकी आणि जळजळ: डोस नव्हे, पद्धत सुधारा. गम चावून त्यांना दाखवायला लाजू नका, पाच मिनिटांत चूक सापडते.

कागद एचआरकडे जाईल का, ही धास्ती तुम्ही उघड लिहिली नाहीत, पण ‘सगळ्या शॉपला कळेल’ या वाक्यात ती आहे. यावर इथून हमी देणं खोटेपणाचं होईल. सरळ विचारा: ‘सिस्टर, ही नोंद कुठे राहते, कोण बघतं?’ उत्तर पटलं नाही तर बाहेरचे रस्ते आहेत. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन फुकट. हा नंबर तुमच्या पुडीवरच छापलेला असतो. जिल्हा रुग्णालयांमध्ये तंबाखूमुक्तीचं समुपदेशन असतं, पुण्याचं जिल्हा रुग्णालय औंधला आहे. तरी माझं मत ओएचसीच्या बाजूने, कारण तलफ शॉपमध्ये येते आणि सिस्टर तिथून शंभर पावलांवर आहेत. आणखी एक: रक्त-लघवीतल्या कोटिनीनच्या (निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याच्या) तपासणीत गम आणि तंबाखू वेगळे ओळखू येत नाहीत. तशी तपासणी होणार असेल तर गम चालू असल्याचं आधीच सांगून ठेवा.

गणपतीत एका झटक्यात सोडायची? नुसत्या निर्धाराने सोडणारे असतात, नाही असं नाही. पण मुहूर्तात एक खोट आहे: मंडळाचा मांडव, रात्रीची जागरणं, शेजारी मळत बसलेले मित्र. याहून अवघड आठवडा शोधूनही सापडणार नाही, आणि एकदा तुम्ही तो अनुभवलाही आहे. मुहूर्त शिफ्टच्या तक्त्यावरून काढा. फर्स्ट शिफ्टचा आठवडा आणि त्यातला गुरुवार. एमआयडीसीची सुट्टी, म्हणजे पहिला दिवस घरी, मशीनशिवाय. गम मुरवायला हात बसतो. त्रास सर्वांत जास्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो, म्हणजे शुक्रवार-शनिवार. सिस्टरांची पहिली भेट शनिवारी ठेवा, सोमवारपर्यंत ढकलू नका. बुधवारी रात्री पुडी आणि चुन्याची डबी दोन्ही टाका. लॉकरमधली, गाडीच्या डिकीतली आणि ड्रेसच्या खिशातलीही. ‘अडीअडचणीला’ ठेवलेली एक पुडी शनिवारी अचूक सापडते.

एक तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते, म्हणजे मशीनवरच्या एखाद्या जॉबच्या सायकलइतकी. आजवर त्याच सायकलमध्ये तुम्ही मळत होतात, म्हणून दार बंद करून बटण दाबलं की हात आपोआप खिशाकडे जाईल. त्या हाताला दुसरं काम लावा: बाटलीतलं पाणी, आधीच्या जॉबचं माप पुन्हा घेणं, काहीही. नाईटला गम तासाने घ्या, पण सकाळी घरी जाऊन झोपण्यापूर्वीचा शेवटचा तास-दीड तास मोकळा ठेवा. निकोटीन झोप उडवतं. पहिले दोन-तीन आठवडे बद्धकोष्ठ, जास्त भूक, तोंड येणं, क्षुल्लक कारणावरून भडकणं हे होतं आणि ओसरतं. तोंड फारच आलं तर गम झोंबतो. तेव्हा चोखायची निकोटीनची गोळी विचारा. ती चावायची नाही, वीस-तीस मिनिटं विरघळू द्यायची, आधी पंधरा मिनिटं काही न खाण्याचा नियम तोच.

एखाद्या नाईटला बार लावलात तर? गम बंद करू नका. बरेच जण इथेच घसरतात: ‘आता मोडलंच’ म्हणून दोन्ही सोडतात, म्हणजे खरं तर एकच सोडतात, गम. पुढचा गम ठरल्या वेळी घ्या आणि बार कितीला, कुणाबरोबर, आधीचा गम कधी झाला होता, हे सिस्टरांना सांगा. बहुधा मधे चार तास गेलेले निघतील.

बायकोची गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता उरकली आहे. शर्टाच्या खिशाला पडलेले चुन्याचे पांढरे डाग घरात कोण धुतं? तिला माहीत नसेल असं धरून चालू नका. आणि लपवून हा कार्यक्रम होणारच नाही. दिवसाला दहा गम आणि दर आठवड्याला सात स्ट्रिप खिशात लपत नाहीत. ‘गणपतीत सोडली म्हणालो ती पाच दिवसच टिकली. तोंडात चट्टा निघालाय. आता कंपनीतल्या सिस्टरांच्या देखरेखीखाली सोडतोय, तीन आठवडे चिडचिड होईल,’ इतकं बुधवारच्या आत सांगा. ती रागावेल, तेवढा तिचा हक्क आहे. घरात लहान मूल येत-जात असेल तर गम, गोळ्या आणि चघळून झालेला गमसुद्धा त्याच्या हाती लागू देऊ नका. लहानग्यांना निकोटीनची विषबाधा होते.

असंच पत्र मनात असलेल्या इतरांसाठी थोडं. गम-गोळ्यांच्या माहितीपत्रकात हिशेब बहुधा सिगारेटींचा असतो. महाराष्ट्रात मात्र २०१६-१७ च्या पाहणीत धूररहित तंबाखूवाले प्रौढ २४.४ टक्के होते आणि ओढणारे ३.८. म्हणून डोस स्वतः ठरवण्यापेक्षा विचारून घेतलेला बरा. विडी-सिगारेट जास्त असेल तर अंगावर लावायचा पॅच आणि वरून गम, ही जोडी एकट्या औषधापेक्षा चांगली चालते. पॅच रोज नव्या जागी, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर लावा. फर्नेसजवळ घामाने सुटतो, तिथे गम-गोळीच बरी. धूम्रपान सोडणाऱ्यांनी चहा-कॉफी निम्मी करावी. धूर बंद झाला की कॅफीन शरीरात जास्त वेळ राहतं आणि दोष गमवर येतो. चघळणाऱ्यांना हे लागू नाही. तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील तर गमच्या नादी न लागता आधी दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत वारंवार दुखणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका (मिश्री लावणाऱ्यासुद्धा) आणि अठराच्या खालची मुलं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये.

तुमच्या चट्ट्याची पुढची तारीख आजच घ्या, तंबाखू सोडल्यापासून तीन-चार आठवड्यांनंतरची. तंबाखू धरायच्या जागेवरचे असे चट्टे सोडल्यावर पुष्कळदा विरतात. तसाच राहिला तर तुकडा काढून तपासायला सांगतील, त्याला नाही म्हणू नका. मध्येच तो लाल झाला, जाड किंवा कडक लागला, किंवा त्यावर न भरणारी जखम झाली तर तारखेची वाट बघू नका. आणि पूर्ण डोस, नीट मुरवून, दोन आठवडे घेऊनही रोज बार लागतच असेल, तर सिस्टरांना सांगून डॉक्टरांकडे व्हॅरेनिक्लीनचा विषय काढा. ती रोज घ्यायची गोळी आहे, निकोटीन नसलेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली चघळणाऱ्यांसाठी गमसारख्या निकोटीन औषधांबरोबर तिचीही शिफारस केली आहे. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर तो चिठ्ठी लिहून घेण्याआधीच सांगा, कारण मग तिचा डोस बदलतो.